फ्रँक शिमेक आलाच नाही तो रविवार

लेलंड शिमेकने टपालखात्यात चौतीस वर्षं नोकरी केली आणि त्या चौतीस वर्षांत तो एकदाही उशिरा आला नाही. डेनिंग गावाच्या उत्तरेला सत्तावन्न मैलांचा फेरा, रस्त्यालगत घरोघरच्या दोनशे बारा टपालपेट्या. बर्फ असो, धुळीचं वादळ असो, सकाळी सव्वासातला तो पोस्टात टपाल लावायला उभा असायचा. घरात गजराची तीन घड्याळं होती. एक उशाशी, एक समोरच्या कपाटावर, म्हणजे बंद करायला उठावंच लागावं, आणि तिसरं किल्लीचं, वीज गेली तर पंचाईत नको म्हणून. निवृत्त होऊन चार महिने झाले तरी तिन्ही घड्याळं रोज पहाटे वाजत आणि तो एकेक करून ती बंद करी. त्याने लग्न केलं नव्हतं, त्यामुळे तक्रार करायला घरात कोणी नव्हतं.

या घड्याळांचं कारण गावात कोणाला विचारावं लागत नसे. कारण त्याचा बाप.

गोष्ट अशी सांगितली जाई. १९२२ सालच्या ऑगस्टमध्ये डेनिंगच्या बेसबॉल संघाची चाळीस मैलांवरच्या ऑस्लर गावी मॅच होती. डेनिंगकडे तेव्हा चेंडू टाकणारे, म्हणजे पिचर, दोन होते: फ्रँक शिमेक आणि ऑटो हेलमर. त्यांत फ्रँक सरस, याबद्दल गावात दुमत नव्हतं. त्या रविवारी मोठ्या लीगमधल्या एका संघाचा पारखी खास फ्रँकला बघायला ऑस्लरला येणार होता. फ्रँक गावाबाहेर एका शेतावर मजूर म्हणून राहायचा. संघाचा ट्रक सकाळी सहाला त्या शेताच्या फाट्यावर थांबला आणि पाच मिनिटं भोंगा वाजवत राहिला. फ्रँक आलाच नाही. आदल्या संध्याकाळी बिअर पिऊन तो गवताच्या कोठारात पडला होता. अमेरिकेत दारूबंदीचा काळ होता, म्हणजे डेनिंगमधल्या चेक वंशाच्या प्रत्येक कुटुंबाच्या तळघरात बिअर होती. मग ऑटोने चेंडू टाकले, पारख्याने ऑटोला उचललं, आणि ऑटो हेलमर पुढे सहा वर्षं मोठ्या लीगमध्ये खेळला. फ्रँक धान्याच्या गोदामावर कामाला लागला, तिथेच म्हातारा झाला आणि १९६१ साली वारला.

गोष्ट सांगून झाली की सांगणारा शेवटी मान हलवून म्हणे, ऑटो चांगलाच होता, पण फ्रँक, फ्रँकची गोष्टच वेगळी. तो आला असता तर. आणि डेनिंगमध्ये कोणालाही उशीर झाला की लोक विचारत, काय रे, भोंगा वाजवू का?

लेलंड शाळेत असताना थोडेफार चेंडू टाकायचा. हात बरा होता. सतराव्या वर्षी एका मॅचला तो मैदानावर जायला दोन मिनिटं उशिरा निघाला आणि बाकावर बसलेल्या सगळ्यांनी मिळून तोंडाने भोंगा वाजवला. त्याने हातमोजा काढून ठेवला तो पुन्हा घातला नाही. घरी येऊन तो बापाला म्हणाला होता, "एक दिवस. फक्त एक दिवस उठायचं होतं तुम्हाला." फ्रँक बुटांच्या नाड्या बांधत होता. त्याने दुसऱ्या बुटाचीही नाडी बांधली आणि कामाला निघून गेला. त्यानंतर बापलेकांत या विषयावर शब्द झाला नाही, आणि बाकीचे विषयही फार नव्हते. बाप गेला तेव्हा शनिवारी दफन झालं आणि सोमवारी लेलंड फेऱ्यावर होता. लोक टपालपेटीपाशी थांबून दोन शब्द बोलत, तो आभार मानून पुढच्या पेटीकडे जाई. आत काही हलतंय का, हे त्याने त्या आठवड्यात एकदोनदा तपासून पाहिलं. काही हलत नव्हतं.

१९८७ साली डेनिंगला शंभर वर्षं होत होती. शताब्दी समितीची आर्डिथ लुंड एप्रिलमध्ये लेलंडच्या दारात उभी राहिली. वाण्याचं दुकान चालवणारी, मोठ्या आवाजाची, मनाने सरळ बाई. समिती गावाचं पुस्तक काढत होती आणि त्यात ऑटो हेलमरवर चार पानं हवी होती. मोठ्या लीगमधली त्याची कारकीर्द सगळ्या पुस्तकांत होती. हवे होते ते त्याच्या डेनिंगमधल्या दिवसांचे तपशील, जुन्या पेपरांतून काढलेले.

"तुझ्याशिवाय कोण करणार? तू एक टापटिपीचा माणूस, आणि आता तुला वेळच वेळ," आर्डिथ म्हणाली. मग जरा अडखळून पुढे म्हणाली, "आणि हे बघ, रागावणार नसशील तर सांगते. मिरवणुकीत एक गाडा करायचाय. गाड्यावर पलंग, पलंगावर फ्रँक शिमेक घोरतोय, आणि मागून जुना ट्रक भोंगा वाजवतोय. लोक हसून लोळतील. पलंगावर तू झोपायचं. तुझा चेहरा हुबेहूब बापाचा."

लेलंडने तिच्याकडे पाहिलं. तिच्या मनात खोट नव्हती. गावाच्या दृष्टीने हा शिमेक घराण्याचा मान होता.

"आधी पानं होऊ दे," तो म्हणाला. "मग सांगतो."

पानांचं काम त्याने घेतलं ते ऑटोसाठी नव्हे. त्या रविवारच्या मजकुरात काहीतरी सापडेल असं त्याला वाटत होतं. फ्रँकला ताप होता, ट्रक ठरल्या वेळेआधी निघाला, मालकाने सोडलं नाही, असलं काहीही. एक ओळ पुरे होती. ती मिळाली तर पलंगाला नाही म्हणता आलं असतं, आणि नाही मिळाली तर वीस जूनच्या मिरवणुकीत सगळ्या गावासमोर बापाच्या नावाने घोरत झोपावं लागलं असतं, किंवा न झोपण्याचं कारण द्यावं लागलं असतं.

जिल्ह्याच्या गावी वाचनालयाच्या तळघरात जुन्या पेपरांच्या फिल्म्स होत्या, यंत्राच्या पडद्यावर पान मोठं करून वाचायच्या. तिथल्या हॅझेलबाईंनी त्याला यंत्र कसं फिरवायचं ते दाखवलं. 'डेनिंग एंटरप्राइज' हे साप्ताहिक गुरुवारी निघे, तेव्हा रविवारची मॅच शोधायची तर पुढच्या गुरुवारचा अंक काढायचा. लेलंडने पहिल्याच दिवशी घरून आखून आणलेला कागद टेबलावर ठेवला. मे ते सप्टेंबर, १९२० ते १९२२, प्रत्येक रविवारला एक रांग: कोणाशी, कुठे, किती धावा, चेंडू कोणी टाकले. रोज सकाळी नऊला तो दारात हजर असे. बाराला बाहेरच्या बाकावर सँडविच खाई, साडेबाराला पुन्हा यंत्रापाशी बसे.

पडद्यावरून गाव सरकत जाई. कोणाची गाय हरवली, कोणाची मावशी ओमाहाहून आली, कोणी नवी फोर्ड घेतली. मध्येच बेसबॉल. फ्रँकचं नाव सारखं येई. शिमेकने चौदा जणांना बाद केलं. शिमेकचा चेंडू पाहुण्यांना दिसलाच नाही. संपादक हौशी होता, शब्द हात राखून वापरत नसे. लेलंड ते आकडे कागदावर उतरवी. हा माणूस आणि घरी टेबलाच्या टोकाला बसून कॉफी ढवळणारा माणूस एकच, हे त्याला कळत होतं, पण ते कळणं चौकशीच्या खिडकीवर मिळालेल्या माहितीसारखं होतं.

दोन आठवड्यांनी कागद भरला तेव्हा त्यात अकरा रांगा रिकाम्या राहिल्या. ऑस्लरची रांग त्यातलीच. २४ ऑगस्टच्या अंकात फक्त एवढं होतं: 'आपली मंडळी रविवारी ऑस्लरला जाऊन आली. निकाल मनासारखा लागला नाही. हेलमरने सुंदर चेंडू टाकले.' फ्रँकचं नावसुद्धा नव्हतं. ताप नाही, मालक नाही, काही नाही. जे गाव म्हणत आलं त्याच्यावर पेपरने शिक्काच मारल्यासारखं होतं.

रिकाम्या रांगा त्याने हॅझेलबाईंना दाखवल्या. फिल्म्स फाटल्यात का, की अंक गहाळ आहेत, असं विचारलं. त्यांनी चष्मा वर करून कागद पाहिला आणि हसल्या.

"तुमचा संघ तीन वर्षांत एकदाही दणकून हरला नाही, असं दिसतंय यात."

लेलंडने पुन्हा पाहिलं. खरंच होतं. जिंकलेल्या मॅचचा पूर्ण तक्ता, प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे आकडे. हरलेल्या मॅचची एखादी ओळ, किंवा तीही नाही.

"सगळ्या गावांचे पेपर असेच," हॅझेलबाई म्हणाल्या. "घरचा पेपर हरलेल्याचा तक्ता छापत नसे. संपादकाला त्याच गावात जाहिराती मागायच्या असायच्या. तुमच्या हरलेल्या मॅच बघायच्या तर ज्यांनी हरवलं त्यांचा पेपर काढायला हवा. ऑस्लरच्या फिल्म्स लिंकनला आहेत. मागवते."

पासष्ट वर्षं ऑटो हेलमरवर लिहिणाऱ्या प्रत्येकाने डेनिंगचाच पेपर चाळला होता. डेनिंगच्या खेळाडूचं ऑस्लरच्या पेपरात काय सापडणार, असं सगळ्यांना वाटलं असावं.

फिल्म यायला बारा दिवस लागले. तेराव्या दिवशी लेलंडने ती यंत्रावर चढवली. 'ऑस्लर रिपब्लिकन', २४ ऑगस्ट १९२२, पान पहिलं. 'डेनिंगला धूळ चारली' असा मथळा होता आणि खाली तक्ता. ऑस्लर सात, डेनिंग चार. त्याने पाहुण्यांची नावं वरून खाली वाचली. नावांच्या शेवटी दोन पिचर होते.

शिमेक. चार डाव, नऊ फटके, सात धावा.

हेलमर. चार डाव, दोन फटके, शून्य धावा.

खाली मजकूर होता. डेनिंगच्या ज्या शिमेकचा एवढा गाजावाजा होता त्याला ऑस्लरच्या फलंदाजांनी पहिल्या डावापासून झोडपलं. चौथ्या डावानंतर तो स्वतःच चेंडू ठेवून बाहेर गेला. नंतर आलेल्या उंच हेलमरपुढे मात्र कोणाचं काही चाललं नाही, आणि मॅच संपल्यावर खास बघायला आलेले एक गृहस्थ त्याच्याशी बराच वेळ बोलत होते.

लेलंडने सगळा तक्ता दोनदा उतरवून घेतला, मग दोन्ही प्रती मुळाशी ताडून पाहिल्या. दुसऱ्या बेसवर पोकॉर्नी खेळत होता. त्याच्या नावापुढे क्षेत्ररक्षणाच्या दोन चुका होत्या. वेळ पाहिली तर पावणेअकरा. जेवणाला अजून सव्वा तास होता, म्हणून तो पुढचे दोन अंकही चाळत बसला. त्यात काही नव्हतं. आपल्याला आता काहीतरी वाटायला हवं, हे त्याला समजत होतं. बाप पिऊन पडला नव्हता. बाप वेळेवर उठला होता, सहाला फाट्यावर उभा होता. आणि बाप ऑटोपेक्षा सरसही नव्हता, निदान ज्या दिवशी असायला हवा होता त्या दिवशी नव्हता. लेलंडने सँडविच खाल्लं आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली.

त्या संघातला एकटा पोकॉर्नी, गावाचा जो काका, हयात होता. शहाऐंशी वर्षांचा, गावाच्या टोकाला वृद्धाश्रमात. लेलंड दुसऱ्या दिवशी गेला तेव्हा तो खिडकीशी बसून चमच्याने सफरचंदाचा गर खात होता. डोळ्यांनी कमी दिसायचं, पण पावलांवरून माणूस ओळखायचा.

"टपाल काय आणलंस?"

"ऑस्लरचा पेपर मिळाला, जो काका. ऑगस्ट बावीसचा."

चमचा थांबला. जो काकाने खिडकीकडे तोंड वळवलं. "तक्ता पूर्ण आहे?"

"पूर्ण आहे."

"म्हणजे माझ्या दोन चुकाही आहेत."

"आहेत."

"या छापखानेवाल्यांचं असंच. पाहुण्याचं नाव बिनचूक छापतात."

मग त्याने सांगितलं, चमचा वाटीत फिरवत, जणू कालपरवाचं असावं तसं. ओट्सच्या मळणीचे दिवस होते, त्यामुळे डेनिंगहून मॅच बघायला चिटपाखरूही आलं नव्हतं. गेले ते फक्त खेळाडू. परत येताना फ्रँक ट्रकच्या मागच्या फळीवर पाय खाली सोडून बसला होता, पाठ सगळ्यांकडे. तीस मैल तो तसाच होता. नदीच्या पुलापाशी त्याने मान न वळवता तोंड उघडलं.

"म्हणाला, गावात विचारलं तर सांगा, फ्रँक आलाच नव्हता. पिऊन पडला होता म्हणा. आम्हाला वाटलं थट्टा करतोय. ऑटो म्हणाला, अरे वाईट दिवस सगळ्यांना येतो. तर तुझा बाप म्हणतो, 'आलो नाही म्हटलंत तर लोक म्हणतील, आला असता तर. आलो होतो म्हटलंत तर काय म्हणतील?'"

"मग?"

"मग काय.  सगळ्यांनी मान डोलावली."

ज्याच्या शेतावर तो राहायचा त्या मालकाचं काय, असं लेलंडने विचारलं. जो काका हसला. तो म्हातारा नॉर्वेजियन आठवड्यात चार शब्द बोलायचा आणि त्यातले तीन घोड्यांशी.

"आणि भोंगा?"

"भोंगा माझा," जो म्हणाला. "गोष्टीत काहीतरी आवाज हवा ना. मला काय माहीत तो एवढी वर्षं वाजत राहील." त्याने वाटी बाजूला सारली. "मी आजवर स्वतःला सांगत आलो की फ्रँकने सांगितलं म्हणून गप्प बसलो. पण ती मॅच झालीच नाही असं असलं की माझ्या हातून सुटलेले ते दोन चेंडूही सुटले नाहीत. त्यातल्या दोन धावा माझ्या होत्या, पोरा. तुझ्या बापाच्या नव्हेत."

लेलंडने मान डोलावली. मग याला दिसत नाही हे आठवून "हो" म्हणाला. बापाने नंतर कधी हा विषय काढला का, हेही त्याने विचारलं.

"एकदाच. तुझ्या आईशी लग्न ठरलं तेव्हा मी म्हटलं, आता तिला तरी सांग. तिने अट घातली होती ना, थेंबाला शिवायचं नाही. तर म्हणाला, 'तिने माझी दारू सोडवलीय. आता ते तिच्याकडून काढून घेऊ?'"

रविवारी लेलंड नेहमीप्रमाणे बहिणीकडे जेवायला गेला. विल्मा त्याच्याहून तीन वर्षांनी धाकटी. नवरा गेल्यावर ती गावात परत आली होती आणि दोन गल्ल्या पलीकडे राहत होती. तिने डुकराचं मटण, उकडलेले कणकेचे गोळे आणि आंबवलेला कोबी केला होता.  ताटं उचलल्यावर लेलंडने तक्ता तिच्यासमोर ठेवला आणि जो पोकॉर्नीने सांगितलं ते क्रमाने सांगितलं, काही न गाळता.

विल्मा बोटाने टेबलावरच्या मेणकापडाची रेघ गिरवत राहिली.

"सदतीस वर्षं," ती म्हणाली. "लग्नात, बारशात, सगळे बिअर पीत असायचे आणि बाबा कॉफीचा कप घेऊन कोपऱ्यात. न प्यालेल्या दारूपायी. आणि आई दर नाताळला सगळ्यांदेखत सांगायची, मी याला सुधारलं म्हणून."

"हो."

"ते ऐकत बसायचे. मला वाटायचं, शरमेने गप्प आहेत." ती उठली, तिने नळ सोडला, बंद केला आणि पुन्हा येऊन बसली. "तू हे छापणार?"

लेलंडने त्याला पडलेला पेच सांगितला. लिहिलं तर दारुडा हा शिक्का जातो, पण 'आला असता तर' हेही जातं. बापाजवळ तेवढं एकच होतं.

"मग लिहू नकोस," विल्मा म्हणाली. "त्यांनी जे लपवलं ते त्यांचं. पलंगाला नाही म्हण आणि सोड."

"कारण न देता नाही म्हटलं तर लोक म्हणतील, मुलाला बापाची लाज वाटते."

"वाटत नव्हती?"

"वाटत होती."

"आणि आता?"

लेलंडने खरंच विचार केला. हा प्रश्न त्याने स्वतःला चार दिवस विचारला होता. "आता काही वाटत नाही," तो म्हणाला. "फक्त मला वाटतं, मी उगाच लवकर उठत आलो."

विल्माने त्याच्या ताटलीत सफरचंदाच्या केकचा तुकडा वाढला. दोघांनी तो खाल्ला. निघताना ती दारात म्हणाली, जे करशील ते कर, फक्त आईचं नाव त्यात आणू नकोस.

पुढचे पाच दिवस तो लिहायला बसला. साडेतीन पानं सहज झाली. अडलं ते ऑस्लरपाशी. ऑटो हेलमरचं नशीब त्या दिवशीच्या पाचव्या डावापासून सुरू होत होतं. 'पाचव्या डावात हेलमर चेंडू टाकायला आला' असं त्याने लिहून पाहिलं. वाक्य बरोबर होतं. पण वाचणारा विचारणार, पहिले चार कोणी टाकले? त्याने वाक्य खोडलं. 'ऑस्लरच्या मॅचमध्ये हेलमरने चार डावांत एकही धाव दिली नाही' असं लिहिलं. तेही खरं होतं आणि त्यातही चार डाव गायब होते. डेनिंगच्या संपादकाने पासष्ट वर्षांपूर्वी जे केलं तेच आपण करतोय, हे त्याला दिसत होतं. गुरुवारी त्याने शेवटी लिहिलं: 'पहिले चार डाव फ्रँक शिमेकने टाकले. नऊ फटके, सात धावा. त्यातल्या दोन क्षेत्ररक्षणातल्या चुकांमुळे. त्यानंतर हेलमर आला.' खाली 'ऑस्लर रिपब्लिकन'चा पूर्ण तक्ता, तारखेसकट. ट्रकमध्ये काय ठरलं, कोणी मान डोलावली, भोंगा कोणाचा, यातलं त्याने काही घातलं नाही. ते पेपरात नव्हतं.

आर्डिथने दुकानाच्या गल्ल्यावरच पानं वाचली. तिसऱ्या पानावर ती थांबली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

"म्हणजे फ्रँक झोपला नव्हता?"

"नाही."

"मग आपण इतकी वर्षं..." तिने वाक्य सोडून दिलं. मग काळजीच्या सुरात म्हणाली, "अरे पण पलंग आणून ठेवलाय मी. लोखंडी, तीन माणसं लागली उचलायला."

"पलंग नको, आर्डिथ."

"नको, नको. आता कसा ठेवणार." ती पानांकडे बघत राहिली. "सात म्हणजे फार झाल्या ना रे?"

"फार झाल्या," लेलंड म्हणाला.

त्या संध्याकाळी त्याने कपाटावरचं घड्याळ काढून खणात ठेवलं. दुसऱ्या दिवशी तो नेहमीच्याच वेळी जागा झाला आणि छताकडे बघत पडून राहिला. सव्वासातला उठला.

वीस जूनला मिरवणूक झाली. त्या गाड्यावर शेवटी गोधड्या शिवणाऱ्या बायका बसल्या. दुपारी चेक सभागृहात गावजेवण होतं, लांबच लांब टेबलं आणि दारापाशी पुस्तकांचा ढीग. सकाळपासून पुस्तकं खपत होती. लोक रांगेत उभं राहूनच वाचत होते. विल्मा स्वयंपाकघरात वाढायला गेली होती. लेलंड ताट घेऊन एल्डन क्रूसच्या समोर बसला. एल्डन अठ्ठ्याहत्तर वर्षांचा शेतकरी; त्याची पेटी लेलंडच्या फेऱ्यात एकशे चाळिसावी होती आणि फ्रँकची गोष्ट गावात त्याच्याइतकी रंगवून कोणी सांगत नसे. त्याच्या बाजूला आणखी दोघे होते. एल्डनच्या कोपरापाशी पुस्तक उघडं पडलं होतं.

"वाचलं तुझं," एल्डन म्हणाला.

लेलंडने काटा खाली ठेवला. "हं."

"म्हणजे फ्रँक गेला होता तर."

"गेला होता."

"आणि सात दिल्या?"

"सात. दोन चुकांच्या."

एल्डनने पावाला लोणी लावलं, कडेपर्यंत, सावकाश. "ऑस्लरवाले त्या वर्षी सगळ्यांनाच धूत होते," तो म्हणाला. "माझा थोरला भाऊ तेव्हा दुसऱ्या गावाकडून चेंडू टाकायचा, त्याच्याकडून त्यांनी अकरा घेतल्या होत्या. दोन डावांत."

"अकरा?" शेजारचा म्हणाला.

"अकरा. घरी येऊन आईला म्हणाला, पाऊस आला म्हणून मॅच झाली नाही."

दोघं हसले. मग शेजारच्याने विचारलं, मंगळवारी उत्तरेकडे गारा झाल्या म्हणतात, तुझ्या मक्याचं काय झालं? एल्डनने सांगितलं की पश्चिमेकडचे वीस एकर झोपले, बाकी उभं आहे. मक्यावरून बोलणं विम्यावर गेलं, विम्यावरून जावयावर.

 अजून कोणीतरी काहीतरी विचारेल म्हणून लेलंडने उत्तरं तयार ठेवली होती, कोणता अंक, कोणतं पान, फिल्म कुठून आली. एल्डन जावयाच्या ट्रॅक्टरबद्दल बोलत होता.

"मीठ सरकव रे जरा," एल्डन म्हणाला.

लेलंडने मीठ सरकवलं आणि जेवायला लागला. जेवण निवलं होतं.